पाचवं काडतूस

हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात बर्फ कमरेपर्यंत चढला की एल्क डोंगर सोडून खाली रेल्वेच्या रुळांवर येतात. घोड्याहून उंच, सांबराच्या कुळातलं हे जनावर, पण अक्कल बेताची. रूळ म्हणजे कुणीतरी आपल्यासाठीच साफ करून ठेवलेली वाट, असं त्याला वाटतं. मग रोरोस शहराकडून गाडी येते. जागीच मेलं तर सुटलं. पण पाय मोडून जंगलात शिरलेलं एल्क दिवसदिवस तडफडत मरतं. ते तसं मरू नये म्हणून गावाने आमचा एक गट नेमला आहे. फोन आला की कुत्रा घेऊन निघायचं, माग काढायचा आणि जनावराला एका गोळीत मोकळं करायचं. गटात बंदूक चालवणारे पुष्कळ आहेत. रक्ताचा माग धरणारी कुत्री एकच, टिंका. आणि टिंका फक्त गुनवोरचं ऐकते.

गुनवोर माझी मेहुणी, बायकोची थोरली बहीण. दुधाचा टँकर चालवते, पन्नाशी कधीच उलटली आहे, आणि तिने एकदा मनावर घेतलं की ग्लोमा नदी उलटी वाहायला लागली तरी ती मागे फिरायची नाही. माझं नाव हालवर. सुतारकाम करतो, काडतुसं दुकानातून विकत आणतो आणि थंडीला शिव्या देतो. गटात मी आपणहून आलेलो नाही. "गुनवोर एकटी जंगलात जाते आणि तू सोफ्यावर लोळतोस, लाज नाही वाटत?" असं बायको म्हणाली. लाज वाटत नव्हती, पण गेलो.

जानेवारीतली ती सकाळ. पारा उणे तीसच्याही खाली होता, नाकातले केस काटे होऊन टोचत होते. मालगाडीच्या धक्क्याने एका नराचा मागचा पाय मोडला होता. टिंकाने त्याला रुळांच्या वळणाजवळच्या देवदारांत गाठलं आणि भुंकून भुंकून जागेवर खिळवलं. गुनवोर गुडघ्यावर बसली, नेम धरला, चाप ओढला.

धडाम झालंच नाही. सोड्याची बाटली उघडल्यासारखं फुस्स झालं.

गुनवोर हलली नाही. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर बंदूक तशीच समोर रोखून थांबायचं, कारण काडतूस उशिरानेही पेटू शकतं. तेवढ्यात बोल्ट, म्हणजे काडतूस आत बंद करणारी खीळ, उघडला तर ते तोंडावर फुटायचं. हा नियम आम्हाला पाठ आहे. एल्कला नव्हता. ते तीन पायांवर पुढे झेपावलं आणि पुढच्या खुराने त्याने टिंकाला उडवलं. मी गोळी झाडली ती झाडात गेली. दुसरी मानेत लागली आणि जनावर कोसळलं. टिंका बर्फात पडून केकाटत होती. आणि गुनवोर तशीच गुडघ्यावर, बंदूक समोर, ओठ हलत होते. ती मोजत होती. तिची कुत्री केकाटत होती आणि ही बाई मोजत होती. मला तिचा इतका राग आला होता, आणि तिच्याइतकं शहाणं त्या क्षणी तिथे कुणी नव्हतं.

मोजून झाल्यावर तिने बोल्ट उघडला. काडतुसाची पितळी पुंगळी बाहेर आली आणि तिच्यामागून अर्धवट पिवळी पडलेली, ढेकळं झालेली दारू बर्फावर सांडली. गोळी नळीच्या सुरुवातीलाच अडकून बसली होती. तिने तेवढं बघितलं, बंदूक माझ्याकडे दिली आणि मग टिंकाकडे धावली.

"बरगडी आहे," ती टिंकाच्या अंगावरून हात फिरवत म्हणाली. "फुफ्फुस वाचलंय. जॅकेट काढ."

"माझं?"

"नाही, एल्कचं! काढ म्हणते ना."

मी उणे तिसात जॅकेट काढलं.

जनावरांच्या डॉक्टरने टिंकाला पट्टे बांधले, बरं व्हायला काही आठवडे सांगितले, उड्या मारू देऊ नका म्हणाला. टिंका गुनवोरच्या स्वयंपाकघरात घोंगडीवर पडली. गुनवोरने लाकडी दांडीने नळीतली गोळी मागे ठोकून काढली आणि ती पुंगळी टेबलावर माझ्यासमोर उभी केली.

"बूड बघ. काय दिसतं?"

काडतुसाच्या बुडात एक छोटी टोपी बसवलेली असते. चाप ओढला की सुई तिच्यावर आपटते, टोपी पेटते, तिची ज्वाळा आत जाते आणि आतली दारू पेटवते. या टोपीला बरोबर मधोमध खोल खळगा पडला होता.

"सुई नीट बसलीय," मी म्हणालो.

"टोपी पेटलीही आहे. दारू पेटली नाही. बंदुकीचा दोष नाही, माझ्या हाताचा नाही. ओल्या लाकडाला एक काडी लावावी तसं झालंय."

इथे सांगायला हवं की गुनवोरची बंदूक तिच्या वडिलांची. जाड नळीची, सावकाश गोळी फेकणारी, जुन्या मापाची. गावात तिला बटाटेफेकी म्हणतात. त्या मापाची काडतुसं दुकानात आली तर येतात, नाही तर वर्षानुवर्षं येत नाहीत. म्हणून गुनवोर स्वतः भरते. तळघरात बाकावर दाबयंत्र आहे, तराजू आहे, पुंगळ्या आहेत. वर्षानुवर्षं ती काडीसारख्या दाण्यांची दारू वापरायची. ती दुकानातून गायब झाली, लढाया चालल्यात तिकडे सगळं जातं म्हणे. मग तिला मोहरीसारख्या गोल दाण्यांची दारू घ्यावी लागली. ही दारू मापात पाण्यासारखी ओतली जाते, पण पेटायला हट्टी असते, आणि थंडीत तर फारच हट्टी. टोपी मात्र तिने तीच ठेवली. मवाळ टोपी. कारण एम्ब्रेटने तसं सांगितलं होतं.

एम्ब्रेट ऐंशीचा आहे. गुनवोरला काडतुसं भरायला त्यानेच शिकवलं. खोऱ्यातल्या प्रत्येक नेमबाजीच्या स्पर्धेत त्याने चांदीचे चमचे जिंकले आहेत. आमच्याकडे बक्षीस म्हणून चमचेच देतात. सकाळची लापशीही तो बक्षिसाच्याच चमच्याने खातो. त्याचं म्हणणं एकच: मवाळ टोपी हळुवार पेटवते, म्हणून गोळ्या एकमेकींना चिकटून लागतात. सप्टेंबरात मैदानावर गुनवोरच्या तीन गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली होती. त्या निशाणाच्या कागदाचा फोटो तिने स्वतः भिंतीवर लावला होता.

तिने तो फोटो उतरवला आणि पालथा घालून ठेवला.

"सप्टेंबरात," ती म्हणाली. "सप्टेंबरात थंडी नसते, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?"

गटाची बैठक अग्निशमन केंद्रात भरली. गटाचा प्रमुख सिगवर्ट, गोल पोटाचा, भांडणाला घाबरणारा माणूस. तिथे मागे बसलेला एक जण कुजबुजला, "नाचता येईना, अंगण वाकडं. आता टोपीला दोष." गुनवोरने मागे वळूनही बघितलं नाही.

"हे बघ गुनवोर," सिगवर्ट म्हणाला, "कुणी तुला काही म्हणत नाहीये. पण वरून विचारणा झालीय. सोपं करू. तू कुत्रं सांभाळ, गोळी हालवर मारेल."

"नाही."

"अगं, पण का?"

"कारण हालवरची पहिली गोळी झाडात जाते."

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

"ज्याने कुत्रं पुढे सोडलं, त्याच्याच हातात बंदूक हवी," ती म्हणाली. "टिंका माझ्या भरवशावर जाते. नाही तर आम्ही दोघी घरी बसू."

सिगवर्टने घाईघाईने दोन्ही हात वर केले. टिंका घरी बसली तर आम्ही सगळे बर्फात आंधळे. "बरं, बरं. मग असं कर. टिंका बरी झाली की एका शनिवारी मैदानावर ये. पाच गोळ्या झाड. पाचही सुटल्या तर विषय संपला. एक जरी फसली तर मात्र गटाचं नारंगी जाकीट जमा कर. त्याला माझा इलाज नाही. कॉफी असेल, मारितला वॅफल करायला सांगू."

मारित म्हणजे माझी बायको. मी सुटकेचा श्वास सोडला. मैदानावर लाकडी घर आहे, आत शेकोटी असते, काडतुसं उबदार खिशातून येतात. तिथे तिची जुनी काडतुसंसुद्धा खाडखाड सुटली असती. सिगवर्टला हे ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं.

"घराबाहेर झाडीन," गुनवोर म्हणाली. "बर्फात बसून. बंदूक आणि काडतुसं आदल्या संध्याकाळपासून तुझ्या ट्रेलरमध्ये कुलपात राहतील. आणि हवामानवाले उणे तीस म्हणतील तोच शनिवार धरायचा."

"तुला हे कुणी मागितलंय का?"

"एल्कने."

बाहेर आल्यावर मी तिला झापलं. "देव ताट वाढून देतोय आणि तू ते लाथाडतेस? हो म्हणायचं, पाच गोळ्या, वॅफल, घरी!"

"आणि मग?"

"मग काय?"

"मग फेब्रुवारीत फोन आल्यावर टिंकाला कशाच्या जिवावर पुढे सोडू? वॅफलच्या?"

मी गाडी सुरू केली.

तिला हवी होती जोरकस टोपी. आकार तोच, पण ज्वाळा मोठी आणि जास्त वेळ टिकणारी, हट्टी दारूला पेटवणारी. दुकानदाराने रिकामा खण दाखवला आणि खांदे उडवले. खोऱ्यात त्या टोप्या एकाच तळघरात होत्या. तिथे ती मला सोबत घेऊन गेली. भांडण झालं तर साक्षीदार हवा म्हणून असावं.

एम्ब्रेट खिडकीपाशी बसून चांदीच्या चमच्याने कॉफीत साखर ढवळत होता. तिने सगळं सांगितलं. पिवळी ढेकळंही काचेच्या बरणीतून आणली होती. त्याने बरणी उजेडात धरली आणि बाजूला ठेवली.

"दारूला ओल लागली असेल."

"डबा बंद होता. आणि तू आणि मी एकाच डब्यातून घेतली होती."

"मग तू टोपी तिरकी बसवली असशील. घाई केली असशील."

"एम्ब्रेट, टोपी पेटली होती."

"माझ्या भरणीने मी सतरा चमचे..."

"तुझे चमचे टिंकाच्या बरगडीला बांधू का?"

म्हाताऱ्याचा हात थांबला. मला वाटलं आता हा आम्हाला बाहेर काढतो. सुंभ जळेल पण याचा पीळ जायचा नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

"तू जानेवारीत कधी गोळी झाडलीयस?" गुनवोरने विचारलं. तिचा आवाज मऊ झाला होता. "तुझ्या स्पर्धा जूनमध्ये. तुझी शिकार ऑक्टोबरात. तुझी टोपी वाईट नाही. ती उन्हाळ्याची आहे. मी ती हिवाळ्यात नेली, चूक माझी. पण आता मला दुसरी हवी आणि ती तुझ्याकडेच आहे."

"त्या टोप्या म्हणजे हातोडा," एम्ब्रेट म्हणाला. "कधीकाळी चुकून घेतल्या. तुझ्या गोळ्या पसरतील. नाणं विसर, बशीत मावल्या तरी नशीब."

"मावू दे बशीत."

"नेमबाजीच्या क्लबात हसतील."

"हसू दे."

तो उठला, भिंत धरत तळघरात उतरला आणि बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा हातात एक धुळीची डबी होती. ती तिच्या हातात देताना त्याने सोडली नाही, दोघांनीही धरलेली डबी मध्येच राहिली.

"ऐक. नुसती टोपी बदलून तेवढीच दारू घालायची नाही. जोरकस टोपीने आतला दाब वाढतो. खालच्या मापापासून पुन्हा सुरुवात करायची, पुस्तकात बघून. एकेक पायरी चढायची, प्रत्येक पुंगळीचं बूड बघायचं. टोपी चपटी दिसली की थांबायचं. घाई केलीस तर बंदूक तोंडावर येईल, आणि मग टिंका तुझा माग काढत बसेल."

"हे तूच शिकवलंयस मला."

"शिकवलेलं लोक विसरतात," तो म्हणाला आणि डबी सोडली.

पुढचे आठवडे ती टँकर लावून आली की तळघरात, आणि सुटीच्या दिवशी मैदानावर. मी दोनदा सोबत गेलो, दोन्ही वेळा पायाची बोटं गेली असं वाटलं. ती थोडी काडतुसं भरायची, रात्रभर गारठवायची, बाहेर बसून झाडायची, पुंगळ्यांची बुडं भिंगाखाली बघायची, घरी जाऊन पुन्हा थोडी भरायची. एकदा एका पुंगळीचं बूड तिला आवडलं नाही. उरलेली सगळी काडतुसं तिने उपसून टाकली आणि एक पायरी खाली उतरली. मला तर त्या टोपीत आणि आधीच्या टोप्यांत काही फरक दिसेना. आणि एम्ब्रेटचं खरं ठरलं. नाण्याखाली मावणाऱ्या गोळ्या आता बशीभर पसरत होत्या. मैदानावर आलेल्या एका पोराने कागद बघून विचारलं, "गुनवोर, चष्मा बदलायचा का?" तिने कागदाची घडी केली आणि खिशात घातली. तिला ते लागलं होतं. ती क्लबची चॅम्पियन होती, आणि आपला सुरेख कागद तिने आपल्याच हाताने कुरूप केला होता.

टिंकाचे पट्टे सुटले त्याच आठवड्यात थंडी परत आली. शनिवारी सकाळी मैदानावर उणे तेहतीस होतं. नदीवरून वाफा उठत होत्या. गटातले सगळे लाकडी घराच्या दारात गर्दी करून उभे, कारण आत शेकोटी आणि मारितची वॅफल. एम्ब्रेटही आला होता, घोंगडीत गुंडाळलेला. टिंका गुनवोरच्या गाडीत, काचेला नाक लावून.

सिगवर्टने ट्रेलरचं कुलूप काढलं. बंदूक आणि काडतुसांची पेटी पांढरी झाली होती. गुनवोर बर्फात चटईवर आडवी झाली.

"आधी जुनी तीन," ती म्हणाली. "मवाळ टोपीची. ती परीक्षेत धरायची नाहीत. पण सगळ्यांनी बघायची."

पहिलं धडाम सुटलं. दुसरंही. दारातून कुणीतरी हसलं. सिगवर्टने माझ्याकडे बघितलं. एम्ब्रेट हनुवटी वर करून उभा होता. माझ्या मनात आलं, बाई, तुझाच डाव तुझ्यावर उलटतोय. ऊठ आता.

तिने तिसरं घातलं. चाप ओढला. टक्. काहीच नाही. ती हलली नाही. आणि मग, आपण पापणी मिटून उघडावी एवढ्या वेळाने, धडाम.

कुणीच हसलं नाही. दूरवरच्या पाटीवर ती गोळी कुठेच लागली नव्हती.

"अशी," गुनवोर चटईवरूनच म्हणाली. "कधी सुटते, कधी उशिरा सुटते, कधी सुटतच नाही. पैज लावायला बरी आहे."

सिगवर्टच्या स्वतःच्या बंदुकीतली काडतुसं एम्ब्रेटच्याच तळघरातून आलेली होती, त्याच दारूची आणि त्याच टोपीची. हे गटात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्यालाही ते आत्ताच आठवलं होतं.

मग तिने नवी पाच घातली. पहिली धडाम. दुसरी धडाम. तिसरी धडाम, तोच खणखणीत, ताबडतोब आवाज. आणि सिगवर्टचा फोन वाजला.

तो ऐकत राहिला, हो हो म्हणत राहिला. "वळणापाशी," तो फोन खिशात ठेवत म्हणाला. "सकाळच्या गाडीने मादी उडवलीय. रक्त आहे, ती वर जंगलात गेलीय. आपणच जवळ आहोत." मग तो घुटमळला. "गुनवोर, परीक्षा अजून पुरी झालेली नाही. नियम म्हणजे... तू टिंकाला घे. बंदूक हालवर घेईल."

ती उठली, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला. "परीक्षेची दोन उरलीत. ती तिथे झाडते."

"आणि फसली तर? वरच्यांना मी काय सांगू?"

"फसणार नाहीत."

सिगवर्टने आमच्याकडे बघितलं, कुणीतरी आपल्या वतीने नाही म्हणावं म्हणून. मी जमिनीकडे बघितलं. खरं सांगतो, माझी बंदूक गाडीत होती आणि मला ती अजिबात बाहेर काढायची नव्हती.

"जाऊ दे तिला," एम्ब्रेट घोंगडीतून म्हणाला.

"तुला या टोप्या आवडत नाहीत ना?" सिगवर्ट म्हणाला.

"आवडत नाहीतच. कागदाचा सत्यानाश करतात." म्हाताऱ्याने घोंगडी आवळली. "पण टोप्या माझ्या आहेत आणि भरणारी माझी आहे. काही झालं तर माझं नाव सांग वरच्यांना."

आम्ही तिघे गेलो, गुनवोर, सिगवर्ट आणि मी. रुळांच्या कडेला रक्त गोठून लाल काचा झाल्या होत्या. गुनवोरने गाडीचं दार उघडलं. टिंका खाली उतरली आणि क्षणभर उभी राहिली, हेच ते वळण, हेच देवदार. मला वाटलं ही आता पाय मागे घेणार. गुनवोरने तिच्या बरगडीवर हात ठेवला. टिंकाने नाक बर्फात घातलं आणि दोरी ताणली.

मादी फार दूर गेली नव्हती. एका घळीत, खांद्यातून रक्त गळत, कान मागे टाकून उभी. टिंका सुटली आणि भुंकत तिच्यापुढे फेर धरू लागली. एल्क तिच्यावर चालून आलं, अगदी तसंच, पुढचा पाय उचलून. मी डोळे मिटले, हे आता कबूल करायला काय हरकत आहे.

धडाम.

डोळे उघडले तेव्हा मादी पडलेली होती आणि टिंका तिच्याभोवती भुंकत नाचत होती, चारही पायांवर धडधाकट. गुनवोर अजूनही गुडघ्यावर होती. तिने बोल्ट मागे ओढला, पुंगळी उडाली. मग तिने उरलेलं काडतूस मॅगझिनमधून काढलं आणि सिगवर्टपुढे धरलं.

"हे पाचवं. परीक्षा पुरी कर. मी इथेच झाडते, किंवा तू तुझ्या हाताने झाड."

सिगवर्टने ते काडतूस घेतलं नाही. त्याने आपली बंदूक खांद्यावरून उतरवली, बोल्ट उघडला आणि आतली सगळी काडतुसं एकेक करून तिच्या तळव्यावर ठेवली.

"तुझं पाचवं तुझ्याकडे राहू दे, लागेल," तो म्हणाला. "ही माझी घे. उपसून नव्याने भरून दे."

"टोपी बदलली की खालच्या मापापासून सुरुवात करावी लागते. वेळ लागेल."

"लागू दे. तोवर मी कॉफी करत जाईन."

मैदानावर परतलो तेव्हा बाकीचे घरी गेले होते. मारितने शेकोटी विझू दिली नव्हती, आणि एम्ब्रेट तिच्यापाशी वॅफलवर तपकिरी चीज घेऊन बसला होता. टिंका सरळ त्याच्या पायाशी जाऊन पडली. त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या बरगडीकडे बघितलं, मग गुनवोरकडे.

"सुटली?"

"लगेच."

"कुठे लागली?"

"धरली होती तिथून चार बोटं डावीकडे."

"बघ!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चमक आली. "माझ्या मवाळ टोपीने तू धरलीस तिथेच राहिली असती."

"हो," गुनवोर म्हणाली, त्याच्या बशीतलं वॅफल उचलून टिंकाला देत. "नळीत."